काठावरचे त्रिकोण

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात खाडीचं पाणी कुठवर चढेल याचं गणित मांडतात. त्यासाठी नकाशा बारीक त्रिकोणांत कापावा लागतो, त्याला आम्ही मेश म्हणतो. मेशच्या फायली तपासायचं टूल कुणाच्याही कॉम्प्युटरवर बसवायचं असलं, की खाडीकाठच्या गोराईहून येणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्यालाच हाक.

तो माउसला हात लावत नाही. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत दोन बोटांनी कमांड टाइप करतो, अक्षरन् अक्षर पुटपुटतो, आणि एंटर मारलं की तापल्या तव्याला हात लागल्यासारखे दोन्ही हात वर उचलतो. एरर आली की उलट खूश. "बघ, बोलतोय ना तो! गप्प बसला असता तर वाट लागली असती."

परवा माझ्याकडे टूल बसवून तो वळतोय तोच मी शहाणपणा केला. खाडीच्या काठावरचे चिमुकले त्रिकोण एका कमांडीत उडवले. दोन तासांचं गणित दहा मिनिटांत उरकलं.

"झकास ना?" मी विचारलं.

त्याने स्क्रीनला जवळजवळ नाक टेकवलं, काठावर बोट ठेवलं. "इथे आमची आळी होती."

मी जीभ चावली. तो मात्र हसत हसत जुनी फाइल परत उघडत होता.

"पाणी कुणाच्या घरात शिरतं तेच बघायचंय ना? मग घरं तरी ठेव गं."