न वाचता दिलेले कागद

सन दोन हजार अठरा. माझं वय सहासष्ट.

लातुरात क्लासच्या रस्त्याला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक कार्यालय होतं. कर्जात बुडालेल्यांना वाट दाखवणारं. खाली डॉक्टर-इंजिनिअर करायचा क्लास. त्याच जिन्यानं वर जायचं. पोरापोरींच्या गर्दीतून मी आणि माझी बायको शेवंता वर चढत होतो. तिचे गुडघे गेलेले. दर पायरीला थांबायची. मागून पोरं "आजी, साइड" म्हणायची.

साहेब तिशीचा असंल. टेबलापुढं एकच खुर्ची. त्यानं मला बसवलं. शेवंता उभी. मागं बाकावर पाच-सात माणसं नंबर लावून बसलेली. त्यांच्यादेखत साहेबानं विचारलं, "बाबा, तुमच्या घरात कर्ता माणूस कोण? तुम्ही का ह्या?"

मी म्हणालो, मी.

"मग कर्त्या माणसाला पत्ता नाही, बायकोनं चार ठिकाणाहून पैसे उचललेत?"

बाकावर कुणीतरी हसलं. मी शेवंताकडं बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं.

साहेब चारी कंपन्यांशी बोलून सगळे हप्ते एकत्र करणार होता. महिन्याला झेपेल असा एकच हप्ता. व्याजात सूट. वसुलीवाल्यांचं दारात येणं बंद. त्यासाठीच तर आम्ही आलो होतो. पण कर्ज बायकोच्या नावावर, तर सूट मिळायला नवऱ्यानं लिहून द्यायचं होतं. कागद छापीलच होता, नुसती नावं भरायची. त्यानं तो माझ्यापुढं सारला. वाचा आणि सही करा म्हणाला.

मी कागद डोळ्यांपुढं धरला. नेहमी धरतो तसा. थोडा वेळ. मग पेन मागितला.

"मोठ्यानं वाचा ना बाबा. ह्यांनाही कळू द्या."

मला सुटी अक्षरं ओळखू येतात. दुकानाची पाटी वाचतो, एस्टीची पाटी वाचतो. ओळीला ओळ लागून आली की सगळं वारूळ फुटल्यासारखं दिसतं. "मी... खा... ली..." एवढं म्हणालो आणि अडकलो. साहेबानं थोडा वेळ मजा बघितली. मग कागद ओढून घेतला.

"सही तर झोकात करता चारी फॉर्मवर. आणि वाचता येत नाही." बाकाकडं बघून म्हणाला, "हे कर्ते."

मग बातम्या दिल्यासारखा त्यानंच वाचला. माझ्या पत्नीने माझ्या अपरोक्ष, मला कोणतीही कल्पना न देता, बेजबाबदारपणे कर्जे घेतली असून. अपरोक्ष मला कळलं नाही. साहेबानं सांगितलं, म्हणजे तुमच्या पाठीमागं. बेजबाबदार मात्र कळलं. शेवंतालाबी कळलं. ती भिंतीला हात लावून उभी होती. म्हणाली,

"करा सही. मला आता कोन इचारतंय."

मी सही केली.

हे आधीच सांगून टाकलं. पुढं ऐकताना कुणाला माझा कळवळा यायला नको.

माझं गाव मुदखेडजवळ. बाप दगड फोडायचा, आजाबी तेच. दुसरीत होतो तेव्हा गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर माझी पाटी काढून घेतली आणि दुसऱ्या पोराला दिली. म्हणाले, "ह्याला घण उचलायचाय. पाटी वाया कशाला घालायची." मी घरी गेलो तो परत गेलो नाही. पुढं सही तेवढी शिकलो, एका मुकादमाकडून. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढायची. लोक बघत राहायचे.

लातूरकडं भूकंप झाला तेव्हा मी एक्केचाळीसचा. नवी गावं बांधायला गवंडी लागत होते म्हणून शेवंताला घेऊन इकडं आलो. दगडमातीच्या भिंतींनी माणसं मारली होती. दगडाचं नाव काढलं तरी लोक अंगावर यायचे. मग विटेचं काम धरलं. पुढं लातुरात क्लास वाढले. हदगाव, नायगाव, कुठकुठली पोरं यायला लागली. त्यांच्या खोल्यांच्या कितीतरी भिंती माझ्या हातच्या. मग एकदा परांचीवरून पडलो. कंबर गेली. काम सुटलं.

तेव्हापासून घर शेवंतानं चालवलं. क्लासच्या पोरांचे डबे. पहाटेच चूल, गॅस, भाकऱ्या. भांडी घ्यायला, दुसरी शेगडी घ्यायला तिनं गटातून पैसे उचलले. गल्लीतल्या पाच बायांचा गट. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या चौघींनी भरायचा, असा कर्ज देणाऱ्या कंपनीचा नियम. एका वेळी चाळीस डबे जायचे आमच्या घरून.

आणि मी काय करत होतो? चहाच्या टपरीवर बसून सांगत होतो की जन्मात कुणाचा पैसा उचलला नाही. शेवंता डबे घेऊन तिथूनच जायची. ऐकत जायची.

गटाच्या कागदावर नवऱ्याची सही लागायची. ती कागद आणायची. जरा बघता का काय लिवलंय, म्हणायची. मी धरायचो. थोडा वेळ. ठीक हाय म्हणायचो. सही करायचो. शेपटी लांब ओढून. पुढं मोठी वसतिगृहं झाली, जेवण तिथंच. चाळिसाचे अकरा डबे राहिले. पहिल्या गटाचं फेडायला दुसरा गट, दुसऱ्याचं फेडायला तिसरा. प्रत्येक वेळी कागद माझ्यापुढं आला. प्रत्येक वेळी मी धरला. किती गट झाले, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कागदात काय आहे ते मला कळत नाही, हे उघडं पडलं असतं.

कळलं ते वसुलीवाला दारात येऊन तिला "ए म्हातारे" म्हणाला तेव्हा.

तर त्या दिवशी सही करून आम्ही घरी आलो. रोज ती माझ्यामागं चालायची. त्या दिवशी पुढं चालली. गुडघे दुखत असून पुढं. मागं वळून बघितलं नाही. घरी येऊन भाकरीचं पीठ घेतलं.

तिसऱ्या प्रहरी गटाच्या चौघी आल्या. हप्ता चुकला की चुकलेल्या बाईच्या दारात बाकीच्यांनी बसायचं, पैसे निघेपर्यंत उठायचं नाही. कंपनीच तसं करायला लावायची. पुढं बिस्मिल्लाबी. तिचा नवरा गाद्या भरायचा. वीस वर्षं आमच्या घराला घर लागून. त्यांनाच लाज वाटत होती, उंबऱ्याकडं पाठ करून बसल्या.

मी बाहेर आलो. छाती काढून सांगितलं की लिहून दिलंय सगळं. हे कर्ज माझ्या अपरोक्ष झालंय. साहेबाचा शब्द साहेबाच्या तोऱ्यात म्हणालो.

बिस्मिल्लाबीनं मान वळवली.

"भाईजान, कागद तर तुमीच बघून दिले की."

"शेवंताचे."

"आमचे बी. पाचीजनींचे ती तुमच्याकडंच आनायची. गल्लीत वाचनारा मानूस कोन हाय दुसरा? तुमी ठीक हाय म्हनले, मंग आमी अंगठे लावले."

टोमणा नव्हता तिच्या बोलण्यात. ती खरंच सांगत होती. टोमणा शेजारच्या सुमनबाईनं मारला. "आमचे हे तर म्हनायचे, गवंड्यानं बघितलंय म्हंजे काम पक्कं. आता भिंत आमच्याच अंगावर आली."

मी आत गेलो. शेवंता पीठ मळत होती. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"काय?"

"मला वाचता येत न्हाई ते."

"लगीन झालं त्या सालापासनं."

"मग कागद माझ्याकडं का आनायचीस?"

तिनं हात थांबवला नाही. "न्हाई आनला तर तुमाला राग यायचा. चौघींच्या बी नवऱ्यांना वाटायचं, तुमी वाचनारे. म्या काय सांगनार. तुमचं हसं झालं असतं."

एवढंच बोलली. रडली नाही. माझ्याच डोळ्यांपुढं सगळं हललं. भूकंपात जमीन हलली होती, ती थांबली तरी होती.

गुरुजींनी माझी पाटी घेतली. साहेबानं बाकापुढं माझं हसं केलं. ह्या दोघांना मी ओळखतो, शिव्या देतो, देत राहीन. पण शेवंताचं तोंड कुणी बंद केलं? तिला पन्नास वर्षं कुणी खोटं बोलायला लावलं? त्याचं नाव मला पहिल्यांदा समजलं. त्याची सही झोकदार होती. गुरुजींनी ज्या वाचण्यापासून मला हाकललं, त्याचाच तोरा मिरवत मी पाच बायांना खड्ड्यात उतरवलं आणि वर लिहून दिलं, बेजबाबदार ही.

बाहेर आलो. चौघींसमोर उभा राहिलो.

"मला वाचता येत न्हाई. कधीच येत नव्हतं. तुमचे कागद मी वाचले न्हाईत."

बिस्मिल्लाबी उठली, पदर झटकला.

"आत्ता सांगताव," म्हणाली. आणि निघून गेली. तिच्यामागं बाकीच्या.

शेवंतानं भाकरी वाढली. माझ्यापुढं ताट ठेवलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. मी जेवलो नाही. तिनं जेवा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौघींच्या दारी गेलो. कागद मागितले. दोघींनी दिले. सुमनबाईनं नवऱ्याला विचारून दिले. बिस्मिल्लाबीनं कागद उंबऱ्यावर ठेवले, हातात दिले नाहीत. मी वाकून उचलले.

कार्यालय उघडायच्या आधी आम्ही दोघं जिन्यात. आत गेल्यावर त्या एका खुर्चीवर मी शेवंताला बसवलं. ती बसायला तयार नव्हती. बसवलं. साहेबाला म्हणालो, कालचा कागद काढा.

त्यानं काढला. मी म्हणालो, हा खोटा आहे. फाडा. नवा लिहा. कर्ज दोघांचं. कागद मी न वाचता दिले, हिचा दोष नाही.

साहेब म्हणाला तसा फॉर्म नाही. मी म्हणालो, मग हातानं लिहा. तो म्हणाला, सूट जाईल. हप्ता वाढेल. चुकला तर तुमच्या नावावरच्या दोन खोल्याही जातील. मागं लोक थांबलेत. मी म्हणालो, थांबू द्या. लिहा. आणि एकेक ओळ हिला समजंपर्यंत सांगा. ही हो म्हणाली की पुढची.

त्याला पाऊण तास लागला. शेवंता दोनदा नाही म्हणाली. त्यानं दोनदा खोडलं.

मग त्यानं पेन पुढं केला. मी शाईचं पॅड मागितलं.

"तुम्हाला सही येते की."

"येते. वाचता येत न्हाई."

शेवंतानं आधी अंगठा लावला. तिच्या खाली मी लावला. साहेबानं कागद उचलला, पुढच्याला हाक मारायला लागला. मी पिशवीतून चौघींचे कागद काढले आणि टेबलावर ठेवले.

"हे वाचायचे राहिलेत. मी आज इथंच हाय."