म्हणेकाकांची लिफ्ट

आमच्या ऑफिसच्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत. नवी बटणांची, आरशांची. मजल्याचा आकडा ती स्वतःच बोलून दाखवते. जुनीला जाळीचं दार, आत एक स्टूल आणि स्टुलावर म्हणेकाका. खरं नाव मी कधी विचारलं नाही. नवी लिफ्ट आली तेव्हा व्यवस्थापकांनी त्यांना स्पष्ट सांगून टाकलं होतं, जुनीत माणसं बसतात तोवर ती चालेल; बसेनाशी झाली की कुलूप. तरी रांग लागायची ती जुनीपुढेच, कारण काका वर नेता नेता जगातलं ताजं संशोधन सांगायचे.

"ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, म्हणे." जाळी ओढली की सुरुवात. "आणि पोहायला लागला की त्यातलं एक थांबतं, म्हणे. म्हणून तो आपला सरपटतच जातो." दुसऱ्या मजल्यावाल्यांना बिचाऱ्यांना हृदयांवरच उतरावं लागे, पोहण्याचा भाग आम्हा सहाव्या मजल्यावाल्यांच्या नशिबी. गाईला झेब्र्यासारखे पट्टे रंगवले तर माश्या कमी चावतात, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. माझं मत विचाराल तर शास्त्रज्ञांना घरी कोणी कामं सांगत नसावं. एकदा म्हणाले, "गाईला नाव ठेवलं की ती दूध जास्त देते, म्हणे."

"आम्ही साहेबांना रोज नावं ठेवतो, काका," मी म्हटलं. "पगार काही वाढत नाही."

अख्खी लिफ्ट हसली. काका सगळ्यांत जास्त. "हे घरी सांगतो," म्हणाले.

घरी म्हणजे काकूंना. सकाळी काका दाढी करत तेव्हा काकू पेपर घेऊन शेजारी बसत आणि राजकारण, अपघात, भाववाढ सगळं ओलांडून नेमकी असली बातमी मोठ्यानं वाचत. 'म्हणे'ची मालकी काकूंची होती. मला हे कळलं ते काकू गेल्यावर.

काही दिवसांनी काका कामावर आले. स्टुलावर बसले, जाळी ओढली आणि ऑक्टोपस सांगितला. दुसऱ्या दिवशी गाय. मग पुन्हा ऑक्टोपस. लोकांनी आधी ऐकून घेतलं, मग मोबाइल काढले, मग एकेक करून नव्या लिफ्टकडे सरकले. त्यांना तरी काय बोलणार? तेच दळण रोज कोण ऐकेल?

एका सकाळी जुन्या लिफ्टमध्ये मी एकटीच. मला रागच आला, सरकलेल्यांचा आणि काकांचाही.

"काका, घरी पेपर येत नाही का?"

"येतो की. दाराशी गठ्ठा झालाय."

"मग वाचा ना! हिला कुलूप लागायची वेळ आलीये."

"वाचला ना एकदा," ते म्हणाले. "मुंग्यांचं काहीतरी होतं. पण ते माझं मीच वाचलेलं. त्याला म्हणे कसं लावू? कोण म्हणे?"

पाचव्या मजल्यापाशी ते जाळीकडे बघत म्हणाले, "माणूस एकटा असला की खोली जास्त गार लागते."

"म्हणे?" मी विचारलं.

"नाही. हे कोणी म्हणालेलं नाही."

त्या दिवशी माझं कामात लक्ष लागेना. मीही घरी एकटीच असते. बारा महिने दोन पांघरुणं घेते, आणि त्याचं खापर आजवर हवामानावर फोडत आले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी पेपर चाळून निघू लागले. एकदा चालत्या बसमध्येच एक बातमी दिसली आणि मी लिफ्टपर्यंत जवळजवळ पळत गेले.

"काका, तुमचं खरं निघालं! एकटं पडलेल्या माणसांना खोली खरंच जास्त गार वाटते. शास्त्रज्ञांनी लोकांना बसवून, विचारून पाहिलंय."

काकांनी हँडल फिरवलं. "मला विचारलं असतं तर त्यांचा खर्च वाचला असता," ते म्हणाले. आणि मग, "ही बातमी हिनं मला वाचून दाखवली नसती. गाळली असती. दुसरं काही आहे?"

"आहे. मधमाश्यांची एक गुबगुबीत जात असते. त्यांना चिमुकले चेंडू दिले तर त्या ढकलत बसतात. उगाचच, खेळ म्हणून."

दुसऱ्या मजल्यावर दोघं चढले, नवी लिफ्ट भरून गेली म्हणून. काकांनी जाळी ओढली आणि घसा खाकरला. "मधमाश्यांना चेंडू दिला तर त्या खेळत बसतात," ते म्हणाले आणि थांबले. मी त्या एका शब्दाची वाट बघत होते.

"असं सहाव्या मजल्यावरच्या बाई सांगतात."

दोघं हसले. मला मात्र वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, तो शब्द आता माझ्या वाट्याला येईल असं मी धरून चालले होते.

हळूहळू लोक परतले. जुनी लिफ्ट अजून चालते, बातम्या मी पुरवते. ऑफिसात नव्यानं लागलेली मुलं वर आली की मला विचारतात, "यांना म्हणेकाका का म्हणतात हो? हे तर कधी म्हणे म्हणत नाहीत."