खिडकीपाशी बसलेल्या बाई

मी छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. स्टाफरूममध्ये कुणी भुताखेताचं काढलं की मी सरळ म्हणायची, "आधी डोळे तपासून घ्या, मग बोला." त्यामुळे इथे लोक लिहितात ते असले अनुभव मी रोज वाचते हे माझ्या घरच्यांनाही खरं वाटत नाही. पण वाचते... गेली दोन वर्षं वाचतेय. आपल्यासारखं आणखी कुणाला झालंय का, एवढंच बघायला. अजून तरी सापडलं नाही, म्हणून आज स्वतःच लिहायला बसले. म्हणजे मी सांगतेय आणि माझी मुलगी टाइप करतेय. तिलाही ही गोष्ट आजच कळतेय.

नव्वदच्या दशकातली, मधल्या वर्षांची गोष्ट. नुकतं सगळं खुलं झालं होतं. घराघरांत केबल आली होती, हैदराबादच्या कोठी भागात कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ उघडले होते आणि ज्याला त्याला पोरगं इंग्लिश मीडियमलाच घालायचं होतं. आमची शाळा जामबागेत, मराठी माध्यमाची. पाचवीच्या वर्गात त्या वर्षी जेमतेम एकोणीस मुलं उरली होती.

शैलाताई आमच्याकडे भूगोल शिकवायच्या. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नव्हतं, चादरघाटला भावाकडे राहायच्या. उंच, हडकुळ्या, चष्म्याला काळा दोरा बांधून तो गळ्यात अडकवलेला. मी नोकरीला लागले तेव्हा फळ्यासमोर कसं उभं राहायचं इथपासून मला त्यांनीच शिकवलं. मला त्या 'कुंदा' म्हणायच्या, बाकी सगळ्यांना 'बाई'.

त्यांनी मुलांकडून एक चादर करून घेतली होती. गच्चीवर दोन फुटी काठी उभी करायची, भर दुपारी तिची सावली मोजायची, आणि दर महिन्याची सावली पांढऱ्या चादरीवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवायची. दोरे त्या स्वतः बेगम बाजारातून आणायच्या. मे महिन्यात हैदराबादला एक दिवस असा येतो की सूर्य बरोबर डोक्यावर असतो, काठीला सावलीच पडत नाही. तो दिवस बघायला पोरं सुट्टी असूनही शाळेत यायची. पूर्ण वर्षाची चादर तयार झाली, तेव्हा टाके घालणाऱ्या सगळ्या मुलांची नावं शैलाताईंनी खालच्या कोपऱ्यात शिवून घेतली.

त्याच सुमारास परदेशातल्या एका ट्रस्टची योजना आली. शिक्षकांनी एकमेकांच्या देशात जायचं, तीन आठवडे तिथल्या शाळेत शिकवायचं. आमच्या शाळेतून एकीला बोलावणं होतं, वेल्समधल्या एका गावच्या शाळेत. वेल्स म्हणजे इंग्लंडला लागून असलेला छोटासा देश. त्यांची भाषाही आपल्या हैदराबादच्या मराठीसारखी, मोठ्या भाषेच्या शेजारी जीव धरून असलेली. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे हेडमिस्ट्रेसनी, एका वाक्यात सांगून टाकलं, "शैलाबाई जातील."

आता जे लिहिते ते आजवर फक्त एका माणसाजवळ बोललेय.

कागदपत्रं घेऊन अमुक तारखेपर्यंत या, असं शैलाताईंच्या नावाचं पत्र शाळेत आलं. त्या तेव्हा तापाने रजेवर होत्या. मी राहायची मलकपेठला, रेसकोर्सच्या मागे. चादरघाट माझ्या रस्त्यावरच. म्हणून मोठ्या बाईंनी पत्र माझ्याकडे दिलं – "जाता जाता देऊन टाक." मी ते पर्समध्ये टाकलं आणि दिलं नाही. पहिल्या दिवशी खरंच उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी मनात आलं, आजारी माणसाला कशाला परेशान करायचं. तिसऱ्या दिवशी मला पक्कं कळलं होतं की मी काय करतेय... आणि तरी बस चादरघाटला थांबली तेव्हा मी उतरले नाही. तारीख उलटली. मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "त्यांना झेपणार नाही म्हणाल्या." माझ्या मिस्टरांचं मागे गल्फला जायचं घाटत होतं, त्यामुळे माझा पासपोर्ट तयार होता. माझं नाव गेलं.

ताप उतरल्यावर शैलाताई शाळेत आल्या. त्यांना वाटलं, ट्रस्टनेच आपलं नाव गाळलं. एक शब्द बोलल्या नाहीत. उलट मी निघायच्या आदल्या दिवशी चादरीची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. "ही ने. तिकडच्या पोरांना दाखव. आपल्या पोरांनी केलंय म्हणून सांग."

मी "हो ताई" म्हणाले.

नोव्हेंबर होता. समुद्राकाठचं गाव, करड्या दगडाची शाळा, बाहेर सारखी भुरभुर. ग्वेन नावाच्या शिक्षिकेच्या घरी माझी राहायची सोय होती आणि तिच्याच वर्गावर मला तास घ्यायचा होता. आठ-नऊ वर्षांची वीसेक मुलं. पहिला तास सकाळी अकराला. मी फळ्याशेजारी चादर टांगली आणि काठीची गोष्ट सांगितली. सावलीच पडत नाही म्हटल्यावर ती पोरं अशी बघायला लागली, जणू मी जादू सांगतेय. त्यांना सूर्य दिसणंच दुर्मीळ! वर्ग असा ताब्यात आलेला मला माझ्या नोकरीत कधी आठवत नाही.

मग ग्वेन सगळ्यांसमोर म्हणाली, "किती सुंदर! हे सगळं तुम्ही केलंत?"

मी म्हणाले, "हो."

  ग्वेन चादरीजवळ आली. "आणि हे कोपऱ्यात काय लिहिलंय?"

मुलांची नावं म्हटलं असतं तर पहिलं खोटं तिथेच उघडं पडलं असतं. मी म्हणाले, "ही महिन्यांची नावं आहेत."

तास संपला. मुलं खेळायला गेली. ग्वेनने मला स्टाफरूममध्ये नेलं, चहा ओतला. कप तीन होते. मला वाटलं, तिथल्या शिक्षकांपैकी कुणी येणार असेल.

"तुमची मैत्रीण कुठे राहिली?" ग्वेनने विचारलं.

"कुठली मैत्रीण?"

"मागे खिडकीपाशी बसल्या होत्या त्या. तुम्ही बोलावलं असेल म्हणून मी काही विचारलं नाही. अहो, या थंडीत त्यांच्या पायात नुसत्या चपला! मोजे द्यावेत म्हणून मी उठणारच होते, पण तुमचा तास इतका रंगला होता..."

हैदराबादहून माझ्याबरोबर आणखी एक शिक्षिका आल्या होत्या, पण त्यांची शाळा दुसऱ्या गावात, तासाभराच्या अंतरावर. त्या ठेंगण्या, पंजाबी ड्रेस घालणाऱ्या. मी म्हणाले, "त्या नसतील." ग्वेन म्हणाली, "यांनी तर साडी नेसली होती. तुमच्यासारखीच." मग ती त्यांना शोधायला गेली. संडास, कॉरिडॉर, मैदान सगळीकडे बघून आली. शाळेच्या दाराशी पाहुण्यांची वही होती, तिच्यात एकच नाव होतं. माझं. दाराशी बसणाऱ्या बाईंनी सांगितलं, दुसरं कुणी आत आलंच नाही.

ग्वेन ओशाळली. मीही हसून म्हणाले, "भास झाला असेल." मनात म्हटलं, वीस पोरं समोर होती, कुणाची तरी आई येऊन बसली असेल. मी विज्ञानाची बाई...

दुपारी मी चादर काढायला वर्गात गेले. एक मुलगी तिथे होती, उजव्या हाताला प्लास्टर घातलेलं. ती मागच्या रांगेत बसायची. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सकाळी तुझ्या शेजारी कुणी बसलं होतं का गं?"

"हो, दुसऱ्या बाई." तिने खिडकीजवळच्या छोट्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मग डाव्या हाताने डोळ्यांभोवती गोल काढला, आणि तिथून मानेमागे एक रेघ ओढली. "त्यांचा चष्मा दोऱ्याला बांधलेला होता. काळ्या."

मी तिथल्याच एका टेबलावर टेकले.

"त्यांचं डोकं दुखत होतं का?" तिने विचारलं. "तुम्ही त्या कोपऱ्याबद्दल सांगत होतात ना, तेव्हा त्या सारखी मान हलवत होत्या. अशी..." आणि तिने मान हलवून दाखवली. नाही, नाही, नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्वेनच्या घरून मी शाळेत फोन लावला.  मोठ्या बाईंनी सांगितलं, शैलाताई दवाखान्यात आहेत. पुन्हा ताप येऊन मेंदूला चढला होता, काल दुपारी तीनपासून सहा-साडेसहापर्यंत शुद्धच नव्हती. आता बऱ्या आहेत, पेज घेतलीय. मला रडू फुटलं. जिवंत होत्या! मग आकडे मनात जुळायला लागले. इथले सकाळचे अकरा म्हणजे तिकडचे दुपारचे साडेचार.

उरलेल्या दिवसांत मी आणखी पुष्कळ तास घेतले. प्रत्येक तासानंतर ग्वेनकडे बघायची, ती काही बोलते का म्हणून. काही नाही. त्या बाई पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत. आणि मीही चादरीबद्दल खरं बोलले नाही. बोलायचं ठरवून वर्गात जायची, आणि तशीच बाहेर यायची.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी चादरघाटला गेले. शैलाताई घरी आल्या होत्या. निम्म्या झाल्या होत्या. भिंतीला उशी लावून बसवलं होतं. त्यांचे भाऊ, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, चहा ठेवायला आत गेले.

"कशी झाली ट्रिप?" शैलाताईंनी विचारलं.

"चांगली झाली, ताई."

"थंडी फार ना गं तिथे? माझे पाय नुसते गारठून गेले होते."

मी त्यांच्या पायांकडे बघितलं.

"ताप होता मला. त्यात काय झालं काय की... मी त्या पोरांच्या खुर्चीवर बसले होते. इतकी ठेंगणी खुर्ची, गुडघे पार छातीला लागत होते. भिंतीला पिवळे रेनकोट टांगलेले. शेजारी एक पोर होती, हाताला प्लास्टर." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "तू छान शिकवलंस. खरंच छान शिकवलंस."

मग चष्मा परत डोळ्यांवर चढवला. आत चहाचं भांडं वाजत होतं.

"महिन्यांची नावं म्हणालीस, कुंदा."

मी त्यांचे पाय धरले. सगळं सांगितलं. पत्राचं, पर्सचं, बसमधून न उतरल्याचं, मोठ्या बाईंना काय सांगितलं त्याचं. त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत, पण माझ्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

"पत्राचं जाऊ दे," त्या म्हणाल्या. "दादांनी मला तसंही या तब्येतीत सोडलं नसतं. माझं नाव घेतलं नाहीस, तेही ठीक. पण पोरांची नावं होती गं ती. एकेकाने बोटाला सुया टोचून घेतल्यात. त्यांची नावं कशी पुसलीस?"

दादा चहा घेऊन आले. शैलाताई त्यांना म्हणाल्या, "बाईंना साखर कमी लागते."

मला वाटलं, दुसरं कुणी आलंय. मी दाराकडे बघितलंसुद्धा. मग कळलं, 'बाई' म्हणजे मी.

त्यानंतर मी चार-पाचदा गेले. त्या बोलायच्या – औषधांचं, शाळेचं, पाण्याचं. "या बाई, बसा बाई." कुंदा म्हणून परत कधी हाक मारली नाही. शाळेतही परत आल्या नाहीत. संक्रांतीच्या आधीच गेल्या.

त्यांचे दिवस झाल्यावर मी ग्वेनला पत्र लिहिलं. चादर कुणाची, कुणी करून घेतली, आणि कोपऱ्यातली सगळी नावं, एकही न गाळता. ते पत्र त्या जिवंत असताना लिहायला हवं होतं. दीड महिना हातात होता. तिचं उत्तर आलं. तिने माझं पत्र वर्गात वाचून दाखवलं होतं, नावं फळ्यावर लिहून मुलांकडून म्हणून घेतली होती. खाली एकच ओळ वेगळी होती: "खिडकीपाशी बसलेल्या बाई त्याच होत्या का?" त्याला मी आजपर्यंत उत्तर दिलेलं नाही.

मी खूप डोकं लावून पाहिलं. शैलाताईंना वर्गाचं वर्णन कुणी सांगितलं असेल? मी तिथून एकही पत्र टाकलं नव्हतं. फोटो काढले होते, पण तो रोल अजून धुवायलासुद्धा टाकला नव्हता. दादांना विचारलं, तर ते म्हणाले, त्या दुपारी ती हातसुद्धा उचलत नव्हती, मी उशाशीच होतो. तापात स्वप्न पडलं म्हणावं, तर ग्वेनला आणि त्या मुलीला कुठला ताप होता? दोघींनी शैलाताईंचा फोटोही कधी बघितला नव्हता.  कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा, मी वाद घालणार नाही.

फक्त एक सांगते. त्या तासाला मी चाळीस मिनिटं वर्गाकडे तोंड करून उभी होते. खिडकी माझ्या अगदी समोर होती. ती छोटी खुर्ची मला अजून लख्ख आठवते, निळ्या प्लास्टिकची, एक पाय किंचित वाकलेला. त्यांना कधीही न पाहिलेल्या बाईला त्या दिसल्या, नऊ वर्षांच्या पोरीला दिसल्या. त्या अख्ख्या गावात त्यांना ओळखणारी मी एकटी होते. मला ती खुर्ची रिकामी दिसत होती.