अंगाऱ्याची पुडी

"ती काय बोलणार यार? ती साधा पिझ्झासुद्धा फोन करून मागवत नाही."

मी माझ्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. भिंतीपलीकडे आमची मुंबईची रूममेट तिच्या भावाशी फोनवर बोलत होती आणि 'ती' म्हणजे मी होते. अमेरिकेत हर्नडनमधल्या आमच्या अपार्टमेंटच्या भिंती इतक्या पातळ आहेत की कोणाबद्दल काही बोलायचं असेल तर खाली पार्किंगमध्ये जावं लागतं. मला राग आला नाही. तिचं म्हणणं खरंच होतं.

मी नाशिकच्या इंग्लिश मीडियम शाळेत शिकले. त्यामुळे मला फाडफाड बोलता येत असणार, असं सगळे गृहीत धरतात. मला इंग्लिश येतं, चारचौघांत बोलणं येत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी आजवर कोणाला पटवू शकलेले नाही. इथे एलएलएम करायला आले, तर वर्गातही उत्तर माहीत असूनसुद्धा वहीकडे बघत बसायचे.

आणि अशा मला पुढच्या आठवड्यात एका सुनावणीत बोलायचं होतं.

आमची तिसरी रूममेट नागपूरची, आमच्यात सगळ्यात लहान, माझ्याच युनिव्हर्सिटीत डेटा सायन्सच्या पहिल्या वर्षाला. मिडटर्म परीक्षेत कॉपी करण्याचा प्रयत्न केला, असा तिच्यावर आरोप होता. तो सिद्ध झाला असता तर ॲडमिशन रद्द, ॲडमिशनबरोबर व्हिसा रद्द, आणि तिला सरळ घरी परतावं लागलं असतं. सुनावणीत वकील चालत नव्हता, पण एखादा विद्यार्थी सोबत येऊन तिच्या वतीने बोलू शकत होता. तिने मला विचारलं आणि मी हो म्हणून बसले.

घडलं होतं ते इतकंच. पेपर हातात यायच्या आधी तिने पाउचमधून घडी घातलेला एक कागद काढला, बाकाखाली धरला, त्यावर मान वाकवली आणि कपाळाला हात लावला. पर्यवेक्षकाने ते पाहिलं, कागद घेतला, उलगडला. आत निळ्या शाईत गणिताची सूत्रं होती. कागदावर काय आहे, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, मला माहीत नाही. पेपर तिला लिहू दिला, पण तक्रार वर गेली. पुढे ऑफिसात विचारलं तेव्हा म्हणाली, ते पर्सनल आहे. त्यानंतर ती गप्पच झाली.

तो कागद म्हणजे अंगाऱ्याची पुडी होती. तिच्या आईने निघताना गणपतीच्या देवळातला अंगारा पुड्या बांधून दिला होता. घरी रद्दीतल्या बारावीच्या जुन्या वह्या होत्याच, त्यांचीच पानं फाडलेली. परीक्षेला बसताना चिमूटभर कपाळाला लावायचा, एवढीच आईची अट. हे तिने आम्हाला रडत रडत सांगितलं, पण युनिव्हर्सिटीत सांगितलं नव्हतं. "हसतील ना ताई ते," ती म्हणाली. "अन् राखाडी पावडर म्हटल्यावर अजून भलतंच काही समजतील."

त्या सेमिस्टरला मी इंग्लंडच्या फौजदारी कायद्यावरचा एक विषय घेतला होता. गुन्ह्याचा प्रयत्न कशाला म्हणायचं आणि आरोपीला बचाव कोणते असतात, हे त्यात महिनाभर चाललं होतं. आमची सुनावणी काही कोर्टातली नव्हती, पण युनिव्हर्सिटीच्या नियमात 'कॉपी किंवा कॉपीचा प्रयत्न' असंच लिहिलं होतं, आणि विचार करायची दुसरी कुठलीच पद्धत मला येत नव्हती. मी टेबलाशी बसून एकेक बचाव तपासायला लागले. मुंबईची पोहे खात खात ऐकत होती.

"अगं सोपं आहे," ती म्हणाली. "ती सूत्रं बारावीची आहेत ना? पेपर प्रॉबेबिलिटीचा. त्या कागदाचा उपयोगच नव्हता, मग कॉपी कसली?"

मी तिला सांगितलं की हे चालत नाही. समजा, एक माणूस देवळाबाहेरून दुसऱ्याची म्हणून भारी चप्पल पळवतो आणि घरी जाऊन बघतो तर ती त्याचीच निघते. चोरी झालीच नाही. पण इंग्लंडचा कायदा म्हणतो, चोरीचा प्रयत्न झाला. त्याच्या मनात चोरी होती आणि त्याने हात पुढे केला, एवढं पुरे. तसंच कागद निरुपयोगी होता म्हणून नागपूरची सुटत नाही. तिच्या मनात कॉपी नव्हती, हेच दाखवायला हवं.

"मग आईने जबरदस्ती केली म्हणून सांग."

जबरदस्तीचा बचाव असतो, पण त्याला जिवाची किंवा जबर इजेची धमकी लागते.

"माझ्या आईला भेटली नाहीस तू अजून," मुंबईची म्हणाली, आणि त्या आठवड्यात नागपूरची पहिल्यांदा हसली.

मनात काय होतं ते दाखवायचं कसं? तिच्याकडे आणखी पुड्या होत्या. त्या आतून कशा दिसतात ते बघावं म्हणून मी एक घेतली. सगळ्या कडा एकमेकींत खोचलेल्या होत्या, किराणा दुकानात पूर्वी बांधायचे तशा. हळूहळू सोडवायला लागले, शेवटचा कोपरा सुटला आणि अंगारा भसकन ओट्यावर आणि खाली सांडला.

"काय करून राहिली ताई!" नागपूरची धावत आली. "पाय लागेल न त्याला."

मग मी विचारलं, तू कशी उघडतेस? ती म्हणाली, मी उघडतच नाही. तिने दुसरी पुडी घेतली, एका टोकाची खोच बोटाने थोडी सैल केली, आत बोट घातलं, कपाळाला लावलं, टोक परत खोचलं. कागद पुडीचा पुडीच राहिला. आतलं एक अक्षरही दिसलं नाही.

ओटा मी पुसला नाही. तिने पोस्टकार्डाने अंगारा गोळा करून तुळशीच्या कुंडीत घातला, तोवर मी तिथेच उभी होते. मला काय सापडलंय ते मला कळलं होतं. भीती एकच होती. ते सिद्ध व्हायला पर्यवेक्षकाला एक प्रश्न विचारावा लागणार होता, आणि तो काय उत्तर देईल ते मला ठाऊक नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी मुंबईचीनेच आम्हाला गाडीतून नेलं. रस्ताभर तिने रेडिओसुद्धा लावला नाही, हे तिच्या दृष्टीने फारच झालं. खोलीत लंबगोल टेबलापलीकडे दोन प्राध्यापक आणि एक विद्यार्थी बसले होते. मधल्या प्राध्यापकबाई अध्यक्ष होत्या. मी माझं म्हणणं नीट टाइप करून आणलं होतं. वाचून दाखवायचं की झालं. पण बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं की लेखी निवेदनं सगळ्यांनी वाचली आहेत, आता वाचन नको, प्रश्न असतील तर विचारा. माझा कागद मला तिथल्या तिथे पालथा घालावा लागला.

पर्यवेक्षक उंच आणि शांत होता. त्याने पाहिलं तेवढंच सांगितलं, वाढवून काही सांगितलं नाही. मग बाईंनी माझ्याकडे बघितलं. नागपूरचीने टेबलाखाली माझी ओढणी घट्ट धरून ठेवली होती.

मी विचारलं, "तुम्ही कागद उलगडलात तेव्हा काही पडलं का?"

त्याने बुटांकडे पाहिलं. हो, म्हणाला, राखाडी धूळ होती, माझ्या बुटांवर पडली. पेन्सिलीचा भुगा असावा असं वाटलं म्हणून झटकून टाकली.

"तुम्ही कागद उलगडायच्या आधी तिच्या बाकावर किंवा कपड्यांवर तशी धूळ होती?"

नव्हती, तो म्हणाला. त्याने न कचरता सांगितलं, आणि त्याबद्दल मी आजही त्याची आभारी आहे.

कोपऱ्यात कॉफीचं मशीन होतं. मी उठले. साखरेची दोन पाकिटं घेतली, पालथ्या घातलेल्या निवेदनातलं एक पान अर्धं फाडलं, त्यावर एक ओळ लिहिली, साखर ओतली आणि पुडी बांधली. हात सरळ चालत होते. आठवडाभर पुड्या बांधायचा सराव केला होता. पुडी बाईंसमोर ठेवून म्हटलं, आत एक ओळ आहे, साखर न सांडता वाचून दाखवा.

बाईंनी चष्मा वर केला आणि फार काळजीपूर्वक सुरुवात केली. एक कड सुटली, दुसरी सुटली. विद्यार्थी पुढे वाकून बघायला लागला. तिसरी कड सुटली आणि साखर त्यांच्या फाइलवर, मांडीवर, सगळीकडे पसरली. दुसरे प्राध्यापक मोठ्याने हसले. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी मांडीवरची साखर बघितली, मग प्लास्टिकच्या पिशवीतला तो पुराव्याचा कागद उचलून उजेडाकडे धरला. त्याच्या घड्यांत राखाडी रेघा अजून होत्या.

मी सांगितलं की ही कुठलीही पावडर नाही, देवळातली राख आहे, तिच्या आईने दिलेली. वाचायचं असतं तर ती आधी हिच्या हातून सांडली असती. सांडली ती पर्यवेक्षकांच्या हातून. म्हणजे त्यांच्या आधी कागद कोणी उघडलाच नव्हता, आणि जो उघडायचाच नव्हता त्यातून कॉपीचा प्रयत्न होत नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. आम्हाला बाहेर बसवलं आणि नागपूरचीच्या बाटलीतलं पाणी संपायच्या आत परत बोलावलं. आरोप काढून टाकला, पेपर तपासला जाणार. पार्किंगमध्ये मुंबईचीने मला उचललं आणि उचलताना स्वतःच पडली. संध्याकाळी नागपूरला फोन झाला. तिकडे पहाट होती. तिच्या आईला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे पेपर बरा गेला एवढंच त्यांना कळलं. पुड्या संपल्या असतील तर अजून पाठवते, असं काकू म्हणाल्या. आम्ही तिघींनी एकदम सांगितलं की डबीतून पाठवा.

पण मला निकालापेक्षा त्याच्या आधीचं मिनिट जास्त आठवतं. साखर गोळा करून झाली होती. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि एकच शंका उरली आहे म्हणाल्या. एवढं साधं होतं, तर हिने पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही? प्रश्न नागपूरचीला होता, पण ती मान खाली घालून बसली होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. याचं उत्तर माझ्या टाइप केलेल्या कागदांत नव्हतं, कायद्याच्या पुस्तकातही नव्हतं. ते मला शाळेपासून माहीत होतं.

मी म्हणाले, "तिला सगळ्यांनी कागदावर काय लिहिलंय ते विचारलं. कागदात काय आहे ते कोणी विचारलं नाही, आणि आपणहून सांगायचा तिला धीर झाला नाही. मलाही झाला नसता. काही माणसं खरी असली तरी गप्प बसतात. त्यांचं गप्प बसणं तुम्ही कबुलीत धरू नका."