हायड्रोजनवाली ताई

टॅक्सी स्टँडवर तिला सगळे ताई म्हणायचे आणि तिच्या जिभेला टरकून असायचे. आपल्या नवऱ्याची छाती पेट्रोलच्या धुराने खाल्ली, असं तिचं ठाम मत होतं. डॉक्टरांनी सिगारेटला कितीही दोष दिला तरी ती ऐकायची नाही. म्हणून हायड्रोजनवर चालणारी गाडी निघाली तेव्हा शहरातली तसली पहिली टॅक्सी तिनेच घेतली. धूर नाही, वास नाही, मागच्या नळीतून नुसतं पाणी ठिबकायचं. कुणी शंका काढली की ताई नळीखाली पेला धरायची, ते पाणी त्याच्यादेखत घटाघटा प्यायची आणि म्हणायची, आता तुझ्या गाडीतलं काही पिऊन दाखव.

हे बघूनच तिच्या धाकट्या भावाने चालती पेट्रोलची गाडी विकून तसलीच घेतली.

मग कंपनीने शहरातला एकुलता एक हायड्रोजन पंप बंद केला. आधी 'दुरुस्तीसाठी' अशी पाटी लागली, नंतर पाटीही गेली. गाड्याच कमी आहेत म्हणे! अरे, पंप एकच ठेवलात तर गाड्या घेणार कोण? विकताना गल्लोगल्ली पंप काढू म्हणणारी तोंडं हीच होती ना? ताई त्यांच्या ऑफिसात जाऊन कडाडली. पहारेकऱ्याने तिला हात जोडले आणि बाहेर काढलं.

भावाची टाकी आधी संपली. तो रबरी नळी घेऊन ताईकडे आला आणि थोडा गॅस काढून दे म्हणाला. पेट्रोल असताना स्टँडवरचे सगळे अडीअडचणीला असंच करायचे. पण इथे गॅस प्रचंड दाबाने कोंबलेला, तो तोंडाने ओढायचा कसा? भाऊ नळी धरून खुळ्यासारखा उभा राहिला. एरवी ताई पोट धरून हसली असती, त्या दिवशी तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

आणि अशात कंपनीचा साहेब गोड हसत तिच्या दारात हजर. दुसऱ्या शहरात नवा पंप उघडायचा होता. ताईने तिथे चार लोकांसमोर ते पाणी पिऊन दाखवावं, गाडी न्यायची सोय ते करतील. इथल्या पंपाचं काय, असं तिने विचारलं तर म्हणतो, बघू. ताईने त्याला असं फैलावर घेतलं की अर्धा चहा तसाच टाकून तो पळाला.

संध्याकाळी कळलं की साहेब तिथून थेट भावाकडे गेला होता आणि भाऊ हो म्हणाला होता. बदल्यात त्याला नव्या पंपावर नोकरी मिळणार होती. ताई पायात चपला सरकवून तशीच त्याच्या घरी गेली. तो शर्टाला इस्त्री करत होता.

"लाज नाही वाटत? तुला पिताना बघून कुणीतरी गाडी घेईल. उद्या तोही असाच रस्त्यावर येईल."

भावाने इस्त्री उभी ठेवली. आवाज अजिबात चढवला नाही.

"तुला बघूनच मी घेतली, ताई."

आपण मनापासून पीत होतो, कुणाच्या सांगण्यावरून नाही, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. पण त्याने भावाची गाडी थोडीच चालू होणार होती? संताप ज्यांच्यावर काढायचा ते कधीच निघून गेले होते. समोर होता तो सख्खा भाऊ. त्याच्यावर कुठल्या तोंडाने ओरडायचं?

"सकाळी लवकर निघायचंय मला," तो म्हणाला आणि शर्टाची दुसरी बाही सरळ करू लागला.