भागाबाईनं मागितलेली चौकशी

एरंडोल मागे पडलं आणि ऊन अंगावर यायला लागलं, तेव्हा भागाबाईनं चपला काढून हातात घेतल्या. अंगारकीला मी एरंडोलहून पद्मालयाच्या गणपतीला पायी जाते. भागाबाई माझी शेजारीण, पण देवदेव करणारी नव्हे. "देव काय आजाऱ्याचं अंग पुसायला येतो का, अक्का?" असं तोंडावर म्हणायची. त्या दिवशी मात्र जळगावच्या स्टँडवर माझ्याआधी येऊन बसलेली. का, ते मी विचारलं नाही. पोटात असेल ते चालता चालता बाहेर येईल म्हटलं.

ती दोंडाईच्याकडची. नवरा गेल्यावर जळगावला आली आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सेवा करू लागली. ऐंशी-एक्क्याऐंशी साल असेल. असल्या बाईजवळ तेव्हा कागद-बिगद नसायचा. ठेवायचं तर आधीच्या घरी जाऊन विचारायचं, बाई कशी आहे? ते घर सांगेल ते खरं.

भागाबाईचं पहिलं घर सुनंदाबाईंचं, केळीच्या वखारवाल्यांचं. त्यांच्या सासूबाई, मंजुळाबाई, खुबा मोडून पडलेल्या. भागाबाई त्यांना कुशीवर वळवायची, वेणी घालायची, चोरून घोटघोट पाणी पाजायची. चोरून, कारण पाणी प्यायलं की चादर भिजते म्हणून सुनंदाबाई पाणी देऊ देत नसत. म्हातारीनं मागितलंच तर दंडाला चिमटा. हे सगळं भागाबाईनं सांगितलेलं. माझी आई शेवटी तिच्याच हातचं पाणी पिऊन गेली, म्हणून मी ते खरं मानते.

एकदा भजनी मंडळाच्या बायका म्हातारीला बघायला आल्या; मी त्या मंडळात पुढे गेले. दंडावरचे काळेनिळे डाग त्यांना दिसले. सुनंदाबाई लगेच म्हणाल्या, "बाईचा हात जड आहे हो. आजच काढतेय तिला." म्हातारीचे ओठ हलले, पण सून समोर उभी होती.

पुढे जो कोणी भागाबाईची चौकशी करायला गेला, त्याला सुनंदाबाईंनी बसवून चहा पाजला आणि सांगितलं, "कामाला चांगली आहे, पण म्हाताऱ्या माणसावर हात उचलते."

कितीतरी वर्षं तिला कुणी आजाऱ्याजवळ फिरकू दिलं नाही. असोद्याच्या शेतांत तिनं कापूस वेचला. शेवटी एका क्षयाच्या आजाऱ्याकडे कुणी जाईना, तेव्हा त्या घरच्यांनी काही न विचारता तिला नेलं. तो माणूस उठून बसला, आणि मग लोक भागाबाईला शोधत येऊ लागले.

आणि यंदा सुनंदाबाईंना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. मुलगा अभिमन बाई शोधू लागला. नवं घर धरण्याआधी या कामातल्या बायका आता भागाबाईला विचारतात. तिनं प्रत्येकीला सांगितलं, "घर चांगलं शे, चहा बी चांगला देतस. पन आपल्या हातचं पाप दुसरीच्या हातावर टाकतस." एकही बाई त्या घरी कामाला गेली नाही.

"काल अभिमन आला होता," मी चालता चालता म्हटलं. "सुनंदाबाईंच्या पाठीला जखमा झाल्यात म्हणे. सून एकटी किती करणार?"

"होऊ दे जखमा."

"असं बोलू नये. देवाच्या वाटेवर आहोत."

"मग काय परतीच्या वाटेवर बोलू?" ती हसली. ते हसू मला बघवलं नाही. "मंजुळाबाई पाणी पाणी करत गेली, अक्का. तिच्या तोंडात जीभ होती, पण हिनं हलू दिली नाही. देवानं हिचीच नेली, बरं केलं. फक्त घाई केली. माझं नाव धुणारं तेवढं एकच तोंड होतं."

पद्मालय आलं. तळं कमळांनी भरलेलं. पायऱ्यांवर बसून आम्ही पाय धुतले. मी पदर डोक्यावर घेतला, तशी तिनं माझा हात धरला.

"तिची मान हलते ना?"

"हलते. हो-नाही मानेनं सांगते, असं अभिमन म्हणाला."

"मग तू जा तिच्याकडे. भजनी मंडळाच्या त्याच बायका बोलाव. पोरगा, सून, बठ्ठे उभे कर. अन् त्यांच्यासमोर विचार, म्हातारीला चिमटे तू काढलेस ना? मान हलवून हो म्हणाली, तर मी दुसऱ्या दिवशी कामाला जाते. पाठ धुते, मागेल तितकं पाणी पाजते. नाही म्हणाली, तर एक बाई त्या घराचा उंबरा चढणार नाही, हे माझ्याकडे लागलं. पडू दे तशीच."

"आणि मीच का?"

"तू त्या मंडळात शेस. तुझा शब्द खोटा कुणी म्हणणार नाही." तिनं हात सोडला नाही. "आजवर बठ्ठ्यांनी माझीच चौकशी केली, अक्का. आता माझ्याकडून तू तिची कर. आत जाऊन हात जोडायच्या आधी मला सांग, करशील?"