दोन पाड्यांचे दोन डबे

आमच्या म्हाताऱ्याला, देवरामला, सगळं सारखं वाटायची भारी खोड. पाड्यात बोकड कापला की वाटे घालायला तोच. काळजाचा तुकडासुद्धा घरोघरी पोचला पाहिजे. मी सकू, त्याची बायको. लग्न झाल्यापासून आमच्या वाट्याला हाडंच!

नदीवर लोखंडी साकव आहे. अलीकडे आमचा पाडा, पलीकडे दुसरा, आणि शाळा तिकडेच. नात पुष्पा रोज साकवावरून जायची. त्याला गंज धरला तसा म्हाताऱ्याचा जीव खालीवर व्हायला लागला. भाचा कमलेश बोईसरला रंगाच्या कंपनीत. त्याच्या मागं लागून ह्यानं उरलेला रंग मागवला. ग्राफिनचा.

"मामा, शिसपेन्सिलीतल्या काळ्याच्या जातीचं आहे हे," कमलेश फोनवर म्हणाला. "बारीक पापुद्रे एकावर एक बसतात, पाणी लोखंडापर्यंत पोचतच नाही." पुढचं ऐकायच्या आत ह्यानं फोन ठेवला. शहाणा ना मोठा!

जीपनं दोन डबे आले, एक मोठा, एक छोटा. झालं! दोन डबे, दोन पाडे. आमच्यात घरं जास्त, म्हणून मोठा आम्हाला. "अरे, कमलेशला विचार तरी," मी म्हटलं, तर माझ्यावरच डाफरला, "वाटणी मला शिकवतेस?" दोन्ही पाड्यांनी गंज खरवडला आणि आपापल्या काठापासून मध्यापर्यंत आपापला डबा फासला.

आमची बाजू वाळेचना. चपला चिकटल्या, शेळ्यांचे केस चिकटले. पलीकडे नुसतं तेलकट. पुष्पा घसरून गुडघे फोडून आली, तेव्हा कुठं ह्यानं फोन केला. दोन्ही डबे एकत्र कालवायचे होते म्हणे. एकानं दुसरा घट्ट होतो.

"मग वेगळे भरलेच कशाला?" म्हातारा उलट त्यालाच ओरडला. वाटलं, रिकामा डबा ह्याच्या डोक्यात घालावा.

तो चिकटा काढेपर्यंत पाऊस लागला. खरवडलेल्या लोखंडावर गंज भराभर चढला, आणि दिवाळीच्या आधी मधला पत्रा नदीत गेला. सरकारी माणसं काटे लावून साकव बंद करून गेली. पुष्पाला मोखाड्याच्या वसतिगृहात ठेवावं लागलं. जाताना ती रडली नाही, हाच रडला.

आता शाळा सुटायच्या वेळेला रोज काट्यांपाशी जाऊन बसतो. मी हाका मारते, "भाकर गार झाली, मेल्या, ये की!" येतो म्हणतो, येत नाही. मला असा संताप येतो, की तरातरा जाते आणि त्याच्याजवळ बसते.